कानातली लाल गाठ: चिमटा उचलण्याआधी

कानाच्या नळीत लालसर, गुळगुळीत काही दिसलं की ओपीडीत पहिला शब्द निघतो तो ‘पॉलिप’. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. वर्षानुवर्षं वाहणारा कान, पडद्याला भोक आणि त्यातून डोकावणारा मांसल कोंब हे चित्र नागपूरच्या मेडिकलमध्ये, मेयोत, एम्समध्ये, धंतोलीतल्या खाजगी दवाखान्यांत रोजचं आहे. पण अधूनमधून एखादा ‘पॉलिप’ असा निघतो, की जो कधी वाहिलेला नाही, ज्याला वास नाही, पडदा शाबूत आहे आणि रंग पिकल्या तुतीसारखा आहे. त्याला चिमट्यात धरून ओढलं तर पुढचा अर्धा तास पॅकिंग करण्यात जातो. त्यामुळे नियम एकच: आधी चित्र, मग चिमटा. पुढे जे लिहिलंय ते त्या नियमामागची कारणं आणि त्यानंतरचं काम. वाचक कान-नाक-घसा शिकणारे निवासी डॉक्टर असतील असं धरून लिहिलंय, पण ज्यांच्या घरात असा रिपोर्ट आलाय त्यांनाही समजावं असा प्रयत्न आहे.

आधी जागा नीट समजून घेऊ. बाहेरच्या कानाची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा; तिथे केस, मळाच्या ग्रंथी आणि थोडी चरबी. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा, आणि तिथली कातडी अतिशय पातळ, मिलिमीटरच्या पाचव्या भागाच्या आसपास. खाली चरबीची गादी नाही, कातडी सरळ हाडाच्या आवरणाला चिकटलेली. म्हणून कूर्चेच्या भागातली गाठ हाताला हलते, हाडाच्या भागातली हलत नाही. आणि म्हणूनच हाडाच्या भागातली गाठ ‘वरवरून’ काढता येत नाही. तळ राहिला की गाठ राहिलीच.

आता तिथे लाल काय काय असू शकतं ते बघू.

मोठ्या माणसातला खरा हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, दुर्मिळ आहे. नियतकालिकांत त्याच्या नोंदी बहुतेक एकेका रुग्णाच्या आहेत. त्या एकत्र वाचल्या की ठरावीक चेहरा दिसतो: पन्नाशी-साठीचा पुरुष, नळीच्या मागच्या भिंतीवर पडद्याच्या कडेला लागून बसलेली काही मिलिमीटरची मऊ गाठ, कधी पडद्याच्या मागच्या भागावरही चढलेली. दुखत नाही. दडे बसल्यासारखं वाटतं, कमी ऐकू येतं, क्वचित कानात नाडीबरोबर ठोके पडतात, कधी उशीवर रक्ताचा डाग. पुष्कळदा तर मळ काढायला आलेल्या माणसात योगायोगाने सापडते.

पायोजेनिक ग्रॅन्युलोमा वेगळा. नावात पू आहे, गाठीत नाही. तोही रक्तवाहिन्यांचाच झुपका. खरचटल्यानंतर, काडी किंवा बड घातल्यानंतर, गरोदरपणात काही आठवड्यांत भराभर वाढतो, देठावर असतो आणि हात लागला की वाहतो. गरोदरपणातला बाळंतपणानंतर आपोआप आकसण्याची शक्यता असते, त्यामुळे रक्त फार जात नसेल तर थांबायला हरकत नाही.

तिसरा, आणि फसवण्यात सगळ्यांत तरबेज, म्हणजे ग्लोमस ट्युमर. हा नळीचा नव्हेच, मधल्या कानाचा. मधल्या कानाच्या आतल्या भिंतीवरच्या जेकबसन नसेच्या वाटेवर किंवा मानेत उतरणाऱ्या ज्युग्युलर शिरेच्या घुमटावर असलेल्या सूक्ष्म पेशीपुंजांतून तो निघतो. गिल्ड यांनी १९४१ मध्ये त्या पुंजांचं वर्णन केलं आणि रोझेनवॉसर यांनी १९४५ मध्ये त्यातून झालेली गाठ ओळखून मांडली. पडदा शाबूत असेल तर तो पडद्याआड खालच्या अर्ध्या भागात उगवत्या सूर्यासारखा लाल दिसतो. पडदा फोडून नळीत आला, की मात्र हुबेहूब पॉलिप. बायकांत जास्त, आणि कानात ठोके ही ठरलेली तक्रार.

आणि दोन गोष्टी गाठी नाहीतच. ज्युग्युलर शिरेचा वर चढलेला घुमट, ज्यावरचं हाड बनलेलंच नाही: पडद्याच्या मागच्या-खालच्या भागात निळसर. आणि वाट चुकून मधल्या कानात आलेली आतली कॅरॉटिड धमनी: पुढच्या-खालच्या भागात लालसर. या दोहोंची बायोप्सी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

यादीत एक मेंबर अजून आहे, इओसिनोफिल पेशींसह होणारी अँजिओलिम्फॉइड हायपरप्लेझिया. कानाच्या पाळीच्या खळग्यात आणि नळीच्या तोंडाशी एकापेक्षा जास्त तांबूस गुठळ्या, खाज, आणि काढल्यावर पुन्हा येण्याची खोड. हिच्यावर इथे जास्त लिहीत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. मधुमेह असलेला वयस्कर रुग्ण, रात्री झोपू न देणारी कानदुखी, आणि हाड-कूर्चेच्या सांध्यावर नळीच्या तळाशी लाल कोंब, हे हाडापर्यंत गेलेल्या जंतुसंसर्गाचं चित्र आहे. दुखणं, रक्ताळ पाणी, चेहऱ्याची एक बाजू ढिली, यात कॅन्सर डोक्यात असलाच पाहिजे. अशा ठिकाणी ‘गाठ रक्ताची वाटते’ म्हणून महिनाभर बायोप्सी टाळणं हाही गुन्हाच. सीटी दोन-चार दिवसांत करून घ्यावा आणि तुकडा घ्यावा.

तपासणी. आधी इतिहास, पण नेमका. कान कधी फुटला होता का? आवाज ‘शूं’ असा सलग आहे की ठोक्यांत? ठोके असतील तर रुग्णाने स्वतःच्या मनगटाची नाडी धरून ते जुळतात का बघावं. मानेवर त्याच बाजूला हलकं दाबल्यावर बदल होतो का? फक्त शिरेवर येईल एवढ्या हलक्या दाबाने आवाज थांबला तर उगम शिरेतला असण्याची शक्यता जास्त. कॅरॉटिडवर जोराने दाबून बघण्याची जुनी चाचणी पुस्तकात आहे. साठीच्या पुढच्या माणसावर ती करू नये असं माझं मत आहे. मिळणारी माहिती सीटी त्याहून चांगली देतो आणि धमनीतला थर सुटण्याचा धोका उगाच कशाला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, घरात कुणाला मानेत किंवा कानात अशी गाठ होती का, रक्तदाब झटक्यात चढून घाम, डोकेदुखी, धडधड होते का, हेही विचारावं. शेवटचे दोन प्रश्न ग्लोमससाठी.

आणि एक इथला प्रश्न: कानात काय काय घातलं? लसणाचं गरम तेल, कोमट गोडंतेल, कानमळ काढणाऱ्याची सळई, गाडीची किल्ली. तेलाने लाल झालेली कातडी आणि सळईने झालेली जखम यांनी मूळ चित्र पुसून जातं. शंका असेल तर आठवडाभर कान कोरडा ठेवून पुन्हा बघावं.

मळ असेल तर पिचकारी मारू नये. मायक्रोस्कोपखाली बारीक सक्शनने, गाठीला न शिवता मळ काढावा. मग शून्य अंशाच्या एन्डोस्कोपने फोटो काढून ठेवावा; हा फोटो पुढे वर्षभर कामाला येतो. बोथट प्रोब गाठीच्या कडेने हळूच फिरवून देठ आहे की रुंद बूड, आणि बूड भिंतीवर आहे की पडद्यावर, ते ठरवावं. प्रोब सगळीकडून आत जाऊन पडद्यापर्यंत पोचतो पण बूड सापडत नाही, याचा अर्थ गाठ बहुधा पडद्याच्या पलीकडून आलीय.

सिगलचा स्पेक्युलम आजकाल कपाटात पडून असतो. या एका कामासाठी तो बाहेर काढावा. नळीत घट्ट बसवून फुगा हळूहळू दाबायचा आणि भिंगातून गाठीकडे बघत राहायचं. दाब वाढतो तशी गाठीतली धडधड आधी ठळक होते, मग दाब आतल्या रक्ताच्या दाबापुढे गेला की ती थांबते आणि गाठ फिकी पडते. फुगा सोडला की कडेकडून पुन्हा लाली भरते आणि ठोके परततात. ही ब्राउनची खूण. ती मिळाली तर गाठ रक्तवाहिन्यांची आणि बहुधा ग्लोमस. नाही मिळाली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण स्पेक्युलम नीट न बसणं हे सगळ्यांत मोठं कारण असतं. शिरांच्या संथ गाठी दाबल्यावर फिक्या पडतात पण धडधडत नाहीत.

ट्यूनिंग फोर्क ५१२ हर्ट्झचा. मग ऑडिओमेट्री. नळी बुजल्यामुळे किंवा पडदा जड झाल्यामुळे आलेला बहिरेपणा वहनाचा असतो. नसेचा बहिरेपणा दिसला तर तो वयाचा आहे की आतल्या कानापर्यंत काही पोचलंय, याचा खुलासा झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. चेहऱ्याची हालचाल, जीभ, घशातला पडजिभेचा भाग, आवाज आणि खांदा हे दोन मिनिटांत तपासून होतं. ज्युग्युलर घुमटाजवळच्या गाठी नवव्या, दहाव्या, अकराव्या, बाराव्या नसांवर दाब आणतात.

टेम्पोरल हाडाचा, म्हणजे कान ज्यात बसलाय त्या कवटीच्या हाडाचा, एचआरसीटी (बारीक तपशिलाचा सीटी) ०.६ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक कापांचा, आडवा आणि उभा दोन्ही. रेडिऑलॉजिस्टला चिठ्ठीवर नुसतं ‘कानात गाठ’ लिहून पाठवलं तर उत्तरही तेवढंच येतं. प्रश्न लिहावेत. नळीचं हाड गुळगुळीत दबलंय की कुरतडलंय? मधला कान हवेने भरलेला आहे की आत काही आहे? मधल्या कानाचा तळ आणि ज्युग्युलर घुमट यांच्यातली हाडाची पातळ पाटी सलग आहे का? कॅरॉटिडच्या नळीची भिंत जागेवर आहे का? चेहरा हलवणारी फेशियल नस हाडाबाहेर उघडी पडली आहे का?

यातली ज्युग्युलरवरची पाटी सगळ्यांत महत्त्वाची. ती शाबूत असेल आणि गाठ मधल्या कानात असेल तर ती ग्लोमस टिंपॅनिकम, म्हणजे कानाच्या सर्जनच्या आवाक्यातली. पाटी कुरतडलेली असेल तर ग्लोमस ज्युग्युलेअर, आणि मग कवटीच्या तळाचं काम करणारी टीम हवी. उभ्या कापात ती एक पांढरी रेघ असते. जाड कापांच्या सीटीत ती नसतानाही दिसू शकते आणि असतानाही गायब होऊ शकते. म्हणून गावाकडून आणलेला साध्या मेंदूचा सीटी पुरत नाही, रुग्णाचे पैसे पुन्हा खर्च होत असले तरी.

एमआरआय प्रत्येकाला नको. मागच्या भिंतीवर पाच मिलिमीटरची गाठ, मधला कान स्वच्छ, हाड गुळगुळीत, तर सीटीवर थांबता येतं. गाठ नळी भरून असेल, मधल्या कानात गेली असेल किंवा हाड खाल्लं असेल तर गॅडोलिनियम हे शिरेतून द्यायचं औषध देऊन एमआरआय करावा. शिरांच्या गाठी टी-२ या एमआरआयच्या चित्रप्रकारात पांढऱ्या चमकतात आणि औषध हळूहळू भरत जातं. ग्लोमस पटकन भरतो. मोठा असेल तर आतल्या वाहत्या रक्ताच्या काळ्या ठिपक्यांमुळे मीठ-मिरीचं चित्र दिसतं. लहान ग्लोमसमध्ये हे चित्र नसतं, म्हणून ‘मीठ-मिरी नाही म्हणजे ग्लोमस नाही’ असं म्हणू नये. ग्लोमस ठरला तर रक्त किंवा लघवीतली मेटानेफ्रिन तपासावीत, कारण मोजक्या गाठी रक्तदाब चढवणारी द्रव्यं सोडतात आणि ते भुलीच्या टेबलावर कळणं वाईट.

आता करायचं काय. लहान, न वाढणारी, न वाहणारी गाठ, ऐकू व्यवस्थित, चित्र निःसंशय, आणि रुग्ण वयस्कर किंवा भुलीसाठी जोखमीचा असेल, तर फोटो काढून दर सहा महिन्यांनी बघत राहणं हा सुद्धा उपचार आहे. बाकीच्यांत शस्त्रक्रिया. कारणं तीन: रक्त, बहिरेपणा, आणि निदानाची खात्री.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांत विदर्भात एक हमखास धरावी, सिकलसेल. साधी सोल्युबिलिटी चाचणी आणि ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे रुग्ण असतील तर तर सोडूच नये. रुग्ण सिकलचा असेल तर पाणी कमी पडू न देणं, अंग गार पडू न देणं आणि ऑक्सिजन नीट राखणं हे भूलतज्ज्ञाला आधी माहीत असावं लागतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठत असताना रात्रीपासून पाणी बंद हा जुना हुकूम तर सगळ्यांसाठीच चुकीचा. भुलीच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनाने बंद करू नये, हृदयाच्या डॉक्टरला विचारून ठरवावं.

देठावरचा छोटा पायोजेनिक ग्रॅन्युलोमा कूर्चेच्या भागात असेल तर भूल स्थानिक पुरते. २ टक्के लिग्नोकेन, त्यात १:१,००,००० अॅड्रेनालिन. बारीक सुई, तिचं तोंड हाडाकडे, आणि एक-दोन मिली अगदी सावकाश, गाठीभोवतीच्या चांगल्या कातडीत. गाठीत टोचायचं नाही. घाईने टोचलं तर पातळ कातडीचा फोड येतो, जागा दिसेनाशी होते आणि रुग्ण विनाकारण कळवळतो. रक्त थांबवायला बोळ्यावर वापरायचं १:१,००० अॅड्रेनालिन वेगळ्या वाटीत, वेगळ्या रंगाच्या लेबलसह ठेवावं. ते चुकून सिरिंजमध्ये गेलं तर हृदयावर बेतू शकतं. वाटी बदलण्याची चूक नवशिक्यांचीच होते असं नाही.

हाडाच्या भागातल्या गाठीला पूर्ण भूल बरी. नळी रुंद आणि गाठ लहान असेल तर नळीतूनच. नाहीतर कानामागून छेद. अरुंद जागेत रक्त आलं की काहीच दिसत नाही, म्हणून शंका असेल तिथे मी कानामागून जाण्याच्या बाजूचा आहे. व्रण कानाआड लपतो, पण कोपऱ्यात उरलेला तळ लपत नाही.

छेद गाठीपासून दोन-तीन मिलिमीटर दूर, चांगल्या कातडीत, थेट हाडापर्यंत. मग हाडाच्या आवरणासकट कातडी उचलत गाठीकडे यायचं. गाठीला चिमटा लावायचा नाही, धरायचं ते कडेच्या कातडीला. येणाऱ्या रक्तवाहिन्या दिसतील तशा कमी पॉवरच्या बायपोलरने (दोन टोकांमध्येच वीज फिरवून डागणाऱ्या चिमट्याने) बंद कराव्यात. मोनोपोलर कॉटरी इथे नको: मागच्या भिंतीत फेशियल नस काही मिलिमीटरवर असते आणि उष्णता कुठवर गेली ते दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावर दिसतं. हिमोग्लोबिन शोषून घेतं अशा तरंगलांबीचा, ५३२ नॅनोमीटरचा केटीपी लेझर असेल तर छान. नसेल तर बायपोलर आणि धीर पुरतो. गाठ निघाल्यावर खालचं हाड डायमंड बरने, पाण्याखाली, हलकं घासून घ्यावं.

पडद्याच्या कडेला गाठ चिकटलेली असेल तर तेवढा पडदा गाठीबरोबर जाऊ द्यावा. पडदा वाचवायच्या मोहात कडेला अवशेष ठेवणं हे गाठ परत येण्याचं नेहमीचं कारण. भोक कानावरच्या टेंपोरॅलिस स्नायूच्या फॅशियाने, म्हणजे पातळ आवरणाने, त्याच वेळी, पडद्याच्या आतल्या बाजूने ठेवून बुजवता येतं. उघडं पडलेलं हाड मोठं असेल तर त्यावर पातळ स्किन ग्राफ्ट हवा. नाहीतर तिथे आधी कोंब, मग व्रण, आणि काही महिन्यांत नळी सुईच्या नेढ्याएवढी. जेलफोम (आपोआप विरघळणारा स्पंज), त्यावर मलमाची रिबन गॉझ, दहा ते चौदा दिवस. गॉझ कोरडी ओढून काढू नये, थेंबांनी भिजवून मग काढावी. ग्राफ्ट तिच्याबरोबर येतो तो याच वेळी.

रक्तवाहिनी आतून बुजवणं, म्हणजे एम्बोलायझेशन, नळीतल्या छोट्या गाठीला लागत नाही. मोठ्या ग्लोमसला शस्त्रक्रियेच्या एक-दोन दिवस आधी करतात. त्यातही फेशियल नसेला रक्त पुरवणारी बारीक शाखा बुजली तर चेहरा जातो, म्हणून ते अनुभवी हातातच.

आणि कुणी आधीच तुकडा घेतला असेल, रक्त थांबत नसेल तर? रुग्णाला बसवावं, अॅड्रेनालिनमध्ये भिजवलेली रिबन गॉझ थर देत घट्ट भरावी आणि रक्तदाब बघावा. थांबलं तर गॉझ तशीच ठेवून सीटीला पाठवावं. ‘आता थांबलंय तर बघू या’ म्हणून ती काढू नये. उडत्या धारेने लाल रक्त आलं असेल तर पॅकसकट अँजिओग्राफीची सोय असलेल्या ठिकाणी.

बाळांचा हिमँजिओमा हा वेगळाच विषय. जन्मानंतर काही आठवड्यांत दिसतो, पहिल्या वर्षात वाढतो, मग स्वतःहून ओसरतो. कानाजवळच्या लाळग्रंथीतली अशी गाठ नळी बाहेरून दाबते. यावर चाकू नाही, प्रोप्रानोलॉल. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी हा परिणाम मांडला आणि उपचारच पालटला. कमी डोसने सुरुवात करून दिवसाला २ ते ३ मिलिग्रॅम प्रति किलोपर्यंत, दोन भागांत, किमान सहा महिने, बालरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. डोस दूध पाजल्यावरच. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील तर त्या दिवशी डोस द्यायचा नाही, साखर घसरते. दाढीच्या जागी डाग असतील आणि श्वासाला घरघर असेल तर श्वासनलिकेत हिमँजिओमा नाही ना, ते आधी बघावं. मोठ्यांच्या गाठींवर मात्र हे औषध चालेल अशी आशा ठेवू नये. त्यातल्या बऱ्याच, मुलिकेन आणि ग्लोवाकी यांनी १९८२ मध्ये केलेल्या विभागणीनुसार, वाढणाऱ्या गाठी नसून शिरांच्या घडणीतले दोष असतात. पॅथॉलॉजीत ग्लट-१ हा रंग बाळांच्या हिमँजिओमात पॉझिटिव्ह येतो, यांच्यात येत नाही.

काढलेली गाठ दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, एका कडेला टाका घालून दिशा कळवून पाठवावी. रक्तवाहिन्यांच्या अस्तराची खात्री सीडी-३१ आणि सीडी-३४ ने होते. ग्लोमसमध्ये सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन. रिपोर्ट ग्लोमस आला तर त्याला आता सरसकट ‘साधी गाठ’ म्हणत नाहीत. क्वचित तो पसरू शकतो आणि एसडीएच जनुकांमुळे घराण्यात चालू शकतो. अशा रुग्णाच्या भावंडांची आणि मुलांची तपासणी सुचवावी.

पुढच्या भेटी: पॅक काढायला, मग महिन्याने, तीन महिन्यांनी ऑडिओमेट्रीसह, मग वर्षाने. तोवर अंघोळीला कानात व्हॅसलिनचा बोळा, पोहणं बंद, बड बंद, तेल बंद. चेहऱ्यात ढिलेपणा, चक्कर किंवा पुन्हा रक्त आलं तर तारखेची वाट न बघता यावं. लांबून येणाऱ्यांनी फोटो, सीटीची सीडी आणि पॅथॉलॉजीचा ब्लॉक क्रमांक एकाच पिशवीत ठेवावा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, ते भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावं.